आवाजी मतदान

बहिऱ्यांच्या त्या संस्थेत कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारत नसे. हाक मारून उपयोग काय? प्रत्येकाची एक खूण होती. हनुवटीवरून हात फिरवला की हिशेब बघणारा दाढी. डाव्या भुवईवर बोट टेकवलं की बहिऱ्या मुलांच्या आईबापांना खुणांची भाषा शिकवणारी भुवई. भांडणाच्या आधी तिची ती भुवई कपाळात चढायची, आणि समोरचा शहाणा असला तर तिथंच मागं सरायचा.

अध्यक्षांची खूण होती खिशात हात घालण्याची. ऐकू येणारा माणूस. इतकी वर्षं खुर्चीत बसला, पण खुणा शिकायला म्हणे वेळच मिळाला नाही. जिथं हात म्हणजेच जीभ, तिथं याचे हात कायम खिशात. म्हणून तो खिसा. आपलं हे बारसं झालंय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

तर या खिशाने संस्थेचं कार्यालय सोडायचं काढलं. सगळ्यांना लॅपटॉप दिले, फायली सामाईक ठिकाणी चढवल्या, बैठका आणि वर्ग पडद्यावर घ्यायची यंत्रणा बसवून घेतली. आता ज्याने त्याने आपापल्या घरून काम करायचं.

लोक नंतर म्हणाले, भुवईला नवं काही नकोच होतं. साफ खोटं. ही मागणी मुळात तिचीच होती. लांबलांबच्या आया मूल कडेवर घेऊन दोनदोन बस बदलून तिच्या वर्गाला यायच्या. त्यांना घरी बसून शिकता यावं म्हणून ती अध्यक्षांच्या मागे हात धुऊन लागली होती. तेव्हा उत्तर मिळायचं, "बघू." पुढं अध्यक्षांचा मुलगा दुसऱ्या शहरात राहायला गेला, त्यांचं तिकडं जाणंयेणं वाढलं, आणि यंत्रणेची निकड त्यांना एका रात्रीत पटली.

पण बसवताना बहिऱ्या माणसाला कुणी विचारलं नाही. यंत्रणा चालायची आवाजावर. जो आवाज करेल त्याचा चेहरा पडदाभर, बाकीचे गुल. पहिल्याच वर्गात भुवई घामाघूम होऊन 'पाणी', 'दूध', 'दुखतं' शिकवत होती, आणि पालकांना काय दिसत होतं? आधी कुणाचं तरी कुत्रं. मग शिंकणारे आजोबा. मग रडणारं एक तान्हं बाळ. उरलेला वर्ग त्या बाळानेच घेतला. संध्याकाळी एका बापाचा संदेश आला: "बाई, आज तुम्ही आला नव्हता का?"

"शिंकायला शिक," दाढी म्हणाला. म्हणजे त्याचे हात म्हणाले. "पगार मिळत राहील."

"तुझी दाढी उपटून नाकात घालते, मग येतील शिंका," भुवई म्हणाली आणि तडक अध्यक्षांपुढे जाऊन उभी राहिली. सोबत दुभाषीबाई होती. बहिऱ्या आईबापांची ऐकती लेक. हिचे हात वाचून ती तोंडाने बोलायची आणि त्यांचं बोलणं हातांनी हिला सांगायची.

"अहो बाई, सुरुवातीला थोडं अडखळायचंच," अध्यक्ष म्हणाले. "आणि दुभाषी आहे की! ती बोलेल तुमच्या वतीने."

"ती बोलली तर पडद्यावर ती दिसेल. मी कुठं असेन?"

"तुम्ही मनाने असालच ना."

"पगारही मनानेच देणार का?"

अध्यक्ष हसले. त्यांना वाटलं, विनोद झाला.

मग बैठक बोलावली गेली, अर्थात पडद्यावरच. ठराव एकच: कार्यालय सोडावं, आणि सगळं काम, वर्गसुद्धा, आहे त्याच यंत्रणेवर न्यावं. कार्यालयात मोठं गोल टेबल होतं. त्याच्याभोवती बसलं की प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसायचे. ती जागा गेली की बहिऱ्यांना बोलायला उरणार होता तो फक्त पडदा, आणि पडद्याच्या लेखी ते जन्मालाच आलेले नव्हते. भुवईला नोकरीची भीती नव्हती. आपलं तोंड जाणार, ही होती.

ती घरी खिडकीजवळच्या टेबलापाशी बसली. पडद्यावर खिशाचं तोंड हलत होतं. दुभाषीबाई तिकडं हातांनी सगळं सांगत असणार, पण हातांना आवाज कुठला? ती दिसतच नव्हती. शेवटी बिचारी प्रत्येकाला फोनवर लिहून कळवू लागली. तिचं वाक्य पुरं होईतो बैठक चार वाक्यं पुढं गेलेली. भुवईने हात वर केला. दाढीने केला असणार. बाकीच्या चार बहिऱ्यांनीही केला असणार. पण कुणाचा हात कुणाला दिसला?

फोन थरथरला: "खिसा आवाजी मतदान घेतोय."

भुवईने ते दोनदा वाचलं. बहिऱ्यांच्या संस्थेत आवाजी मतदान! आंधळ्याला आरसा दाखवून विचारायचं, बाबा रे, कसा दिसतोस?

पुन्हा थरथर: "पाच जण होय म्हणाले. 'नाही' कुणीच म्हणालं नाही. एकमताने मंजूर म्हणतोय."

भुवई चढली.

तिला आवाज होता. कान नव्हते, गळा धडधाकट होता. पण शाळेत तो निघाला की मास्तरीण ओठांवर पट्टी ठेवायची. लग्नाची बोलणी चालू असताना आईने बजावलं होतं, हसलीस तरी तोंड मिटून हस. जनावरासारखा वाटतो म्हणे. लोक वळून बघतात म्हणे. तिने तो पार पोटात गाडून टाकला होता. मेलेला मात्र नव्हता.

तिने माईक उघडला, बेंबीच्या देठापासून श्वास ओढला आणि तोंड उघडलं.

छातीचा पिंजरा हादरला. टेबलावरचा हात झिणझिणला. आणि पडद्यावरून खिसा उडाला. त्याच्या जागी ती आली, पडदाभर, लालबुंद, आ वासलेली, आणि दोन्ही हात कसे लख्ख दिसत होते! ओरडता ओरडताच तिने हातांनी म्हटलं: "मंजूर नाही. आम्ही सहा आहोत. तुम्ही पाच."

आई आतून धावत आली. तिने आधी खिडकी लावली, मग लेकीचा खांदा धरला. ओठ सांगत होते, अगं, लोक काय म्हणतील! भुवईने एका हाताने खिडकी सताड उघडली. श्वास संपला तसा पडदा पुन्हा खिशाकडे जायला लागला. तिने दुसरा श्वास घेतला. एवढ्यात पडद्यावर दाढी आला. तोही ओरडत होता, कपाळाची शीर फुगवून. मग तिसरी, मग चौथा. गाडलेले सगळे आवाज एकामागून एक वर आले.

दुभाषीबाईने मात्र त्या वेळी मुद्दामच तोंडातून अक्षर काढलं नाही. मग खिशाला हातांमधलं काही कळेना. आयुष्यात पहिल्यांदा तो अशा जागी बसला होता जिथं सगळे बोलत होते आणि तो बहिरा होता.

"बंद करा यांचे आवाज!" तो शेजारी बसलेल्या यंत्रणावाल्यावर खेकसला.

"सर, त्यापेक्षा सगळे एकदम दिसतील असं करतो ना," यंत्रणावाला म्हणाला आणि बटण दाबलं.

मत देणाऱ्या अकराच्या अकरा जणांच्या चौकटी उघडल्या. वर दुभाषीबाईची बारावी. तिने तोवर घडलेलं सगळं घडाघडा हातांनी सांगून टाकलं.

"हे करता येत होतं?" उपाध्यक्षबाईंनी विचारलं. त्याही ऐकत्या, 'होय' म्हणणाऱ्या पाचांतल्या एक.

"एका बटणाचं काम. पण सरांनीच बंद ठेवायला सांगितलं होतं. एवढे हात एकदम हलताना बघून त्यांना गरगरतं."

दुभाषीबाईने 'गरगरतं' ची खूण जरा जास्तच मन लावून केली.

"तो तांत्रिक निर्णय होता," खिसा म्हणाला. "बाई, तुम्ही भावनेच्या भरात..."

"भावना बाजूला राहू द्या. हात मोजा," भुवई म्हणाली. आता दुभाषीबाई तिचं बोलणं तोंडाने सांगत होती, आणि तरीही भुवई पडद्यावर होती. "ठराव नामंजूर असं ज्यांना वाटतं, त्यांनी वर करा."

सहा वर गेले. मग सावकाश, खाली बघत, उपाध्यक्षबाईंचा सातवा.

"आता माझा ठराव. यंत्रणेत काय दिसावं, काय दिसू नये, त्याचा ताबा बहिऱ्या कर्मचाऱ्यांकडे. आणि लांबच्या आयांना घरबसल्या धड शिकता येईपर्यंत कार्यालय हलणार नाही."

"हे नियमात बसत नाही!"

"आवाजी मतदान बसतं?"

"असंच चालणार असेल तर मी उठतो."

कुणी "बसा" म्हटलं नाही. त्याची चौकट काळी झाली.

"खिसा फाटला," दाढी म्हणाला.

भुवईचा घसा जळत होता. आई अजून दारात उभी होती, पदराचं टोक तोंडावर दाबून. भुवईने पाण्याचा एक घोट घेतला, दुभाषीबाईची सोडून चौकटी मोजल्या आणि हात वर उचलले.

"दहा आहोत. बैठक चालू आहे. माझ्या ठरावावर मतं सांगा. हात असे धरा की दिसले पाहिजेत."