उजव्या हातातली बांगडी

मी भित्री नाही. शीव कोळीवाड्यात कुणालाही विचारा, मंजुळेच्या तोंडाला कोण लागतं ते. पण आज चार दिवस आगबोटीवर माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तो मेल्या एका बांगडीपायी.

आमचे हे गोव्याचे सुतार. जातीबाहेरचे, त्यातून पोर्तुगीज फिरंग्यांच्या राज्यातले, म्हणून बापूस लग्नाला उभा राहिला नाही. आयनं मात्र सगळं आमच्या रीतीनं केलं. माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि दर्याला दिल्या. हात रिकामा ठेवायचा आणि त्या बदल्यात दर्यानं नवऱ्याला सांभाळायचं, असा आमचा आणि त्याचा करार. म्हणून कोळणीच्या बांगड्या फक्त डाव्या हातात.

पुढे ह्यांना मोझांबिकला होड्या बांधायचं काम मिळालं आणि आम्ही जायचे कागद करायला बंदरावरच्या कचेरीत गेलो. कारकून रमाकांतपंत, फणसवाडीचे. कागद वाचून म्हणाले, "तुळशीदास, तू फिरंगी सरकारची रयत, ही इंग्रजांची. ही एकटी म्हणून जायची तर बापाची संमती हवी, वर महिनाभर चौकशी. नाहीतर तुझी बायको म्हणून तुझ्या कागदावर. पण बाई, एकदा ह्याच्या कागदावर चढलीस की तूही फिरंगी. परत यायचं तर ह्याच्याच कागदावर यायचं."

"आणि हे नसले तर?" माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली.

पंतांनी दौत पुढे ओढली. बापूस संमती देणार नव्हता, म्हणजे एकच वाट उरली होती.

मला लिहिता येत नाही. पंत म्हणाले, "बाईची निशाणी बांगडी. मी गोल काढतो, तू लेखणीला हात लाव." मी उजवा हात पुढे केला. पंतांची लेखणी थांबली.

"कोळणींची रीत मला ठाऊक आहे गं," ते हळू बोलले. "पण साहेब नवा आहे. मागच्या महिन्यात एका विधवेला फसवून नेलं, तेव्हापासून तो बायकांचे हात बघतो. एक हात रिकामा दिसला की चौकशी लावेल. आगबोट उद्याची, पुढली दिवाळीनंतर. चार बांगड्या भरून ये."

दर्याला दिलेल्या हातात परत बांगड्या घालायच्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच दर्यावर नवऱ्याला घेऊन जायचं! हे म्हणाले, "अगो, एका दिवसाचा प्रश्न. मी काय दर्यात उडी मारतोय?" मी म्हटलं, तोंड सांभाळा. मग मलाच रडू आलं. दिवाळीपर्यंत हे थांबले असते तर काम गेलं असतं, आणि एकटे गेले असते तर मी ह्यांना पुन्हा पाहिलं असतं की नाही, देव जाणे.

गिरगावातल्या कासारानं हात दाबून दाबून चार हिरव्या बांगड्या चढवल्या. "घट्ट बसल्यात, शोभतील," म्हणाला. साहेबानं हात पाहिला, सही केली. मला त्याचा आनंद काडीचाही झाला नाही.

मचवा आगबोटीकडे निघाला तसं मी उजव्या हाताला खोबरेल चोळलं. एक निघाली, दर्याला दिली, माफी मागितली. दुसरी निघाली. तिसरी निघताना सालटं निघालं. चौथी अंगठ्याच्या हाडाशी अडली. ओढून ओढून हात सुजला, आणि सुजलेल्या हातातून ती आता काय निघते? फोडली तर सुटेल. पण नवरा जिता असताना कुठली बाई आपल्या हातानं बांगडी फोडते? ती ठेवली तर दर्याचा करार मोडतो, फोडली तर त्याहून वाईट. ह्यांना सांगितलं. हे हसले. पण रात्री झोपेत त्यांनी माझा तोच सुजलेला हात कुरवाळला, तेव्हा कळलं, तेही घाबरलेत.

आज चौथा दिवस. सूज उतरत नाही. चहूकडे पाणी, आणि ह्यांना सवयच वाईट, कठड्यावर वाकून लाटा बघत बसतात. मी उजवा हात पदराखाली घट्ट धरते, दर्याला दिसू नये म्हणून. डाव्या हातानं ह्यांचा सदरा धरते.

"सोड गो, लोक हसतायत," हे म्हणतात.

हसू देत. जमीन दिसेपर्यंत मी सोडायची नाही.