गोजरीचं मीठ

त्या गावात एकच काम दोनदा झालं की लोक म्हणतात, "गोजरीचं मीठ झालं बे." पीकविम्याचा अर्ज बापानंही भरला आणि पोरानंही भरला, गोजरीचं मीठ. सोयाबीनवर सकाळी थोरल्यानं तणनाशक फवारलं, दुपारी धाकट्यानं फवारलं आणि पीक पिवळं पडलं, तेही गोजरीचं मीठच. डोणगावच्या बाजारापर्यंत ही म्हण पोचली आहे. तिथल्या लोकांना गोजरी कोण हे ठाऊक नाही, आणि विचारायला सवड कुणाला आहे!

गोजरी अजून आहे. त्र्याहत्तर वर्षांच्या गोजरबाई मारुतीच्या देवळामागे एकट्या राहतात आणि म्हण कानावर आली की तोंडाला पदर लावून सगळ्यांबरोबर हसतात. हसत नाहीत त्या त्यांच्या नणंद सिंधूताई. सिंधूताईंना गावातच दिलेलं, दोन गल्ल्या सोडून. म्हणीमागची खरी गोष्ट गावात त्यांना एकट्यांनाच माहीत होती.

चोपन्न वर्षांपूर्वी देवळापुढं रोडग्यांची पंगत होती. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते आणि वांग्याच्या भाजीचा मोठा गंज चुलीवर चढला होता. अशा रांधण्याचा एक नियम असतो: मिठाला हात एकीचाच. वांगी दहाजणी चिरोत, मीठ एकीनंच टाकायचं, नाहीतर घोटाळा ठरलेला. त्या दिवशी तो मान सासूनं नव्या सुनेला दिला. गोजरीनं मीठ टाकलं आणि ती पाण्याला गेली. तेरा वर्षांच्या सिंधूनं ते पाहिलं नव्हतं; तिला वाटलं, वयनी घाईत मीठ विसरली, आता आई हिला चारचौघींत सोलून काढणार. वयनीचा तिला फार लळा. तिनं इकडंतिकडं पाहिलं, ओंजळभर मीठ गंजात सोडलं आणि ढवळून टाकलं.

पहिला घास गेला आणि अख्ख्या पंगतीनं पाणी मागितलं. गोजरी रडत सांगत होती की मीठ एकदाच टाकलं. कुणी ऐकेना. पोरगी टाकून विसरली आणि पुन्हा टाकून बसली, असा निवाडा एका म्हाताऱ्यानं हसत दिला, आणि दिवस मावळायच्या आत म्हण तयार झाली. सिंधू खांबाआड उभी होती. आईच्या माराची भीती एवढी, की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. उद्या सांगू, परवा सांगू करता करता लग्न झालं, लेकरं झाली, नातवंडं झाली.

आता शाळेच्या अनुपमा मॅडम गावातल्या म्हणींचं आणि टोपणनावांचं पुस्तक काढणार होत्या. कोणती म्हण कुठून आली तेही त्यात येणार होतं. हे सिंधूताईंच्या कानावर आलं. लोकांच्या तोंडातलं आज आहे, उद्या नाही. पुस्तकात आलं की ते पक्कं झालं. रविवारी दुपारी त्या उठल्या आणि तडक वहिनीकडं गेल्या.

गोजरबाई तुरीची डाळ पाखडत होत्या. सिंधूताईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. "वयनी, दुसऱ्या खेपेचं मीठ म्या टाकलं होतं."

सूप थांबलं. "म्हंजे म्या एकदाच टाकलं होतं?"

"हाव. एकदाच."

गोजरबाईंनी तेच पुन्हा विचारलं आणि सिंधूताईंनी तेच पुन्हा सांगितलं. मग म्हातारी बोलायला लागली. कुलूप लावून वावराच्या वाटेला लागलं की त्या अर्ध्यातून परत यायच्या, ओढून पाहायच्या. चहात साखर टाकली की नाही, हे शेजारणीला विचारायच्या. बीपीची गोळीसुद्धा त्या कुणाच्या तरी समोरच घेत. आपलं डोकं ठिकाणावर नाही, असं त्यांनी एकोणिसाव्या वर्षीच मान्य करून टाकलं होतं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. नणंद धाकटी असली तरी मानाची, म्हणून जन्मभर 'तुमी' म्हणणाऱ्या गोजरबाई आज 'तू'वर आल्या.

"तुले एक डाव तोंड उघडता आलं नाही? मव्हा मालक मरेलोक मले येडी समजत राह्यला."

सिंधूताई म्हणाल्या की उद्या मॅडमला सगळं खरं सांगते, नाव घालून. वहिनीचा राग यानं उतरेल, असं त्यांना वाटलं होतं.

"काही सांगू नका," गोजरबाई म्हणाल्या.

"काऊन वयनी?"

"मले लेकरू नाही. वावर पुतण्याच्या नावानं. देवळाले देल्या फरशीवरबी मालकाचंच नाव हाये. मी गेल्यावर या गावात मव्हं नाव कोन घेईन? ज्याचं काम दोन खेपा होईन, तोच घेईन ना? आता तेबी तुमी घेऊन चालल्या का?"

सिंधूताईंना आधी रागच आला. चोपन्न वर्षं वाहिलेलं ओझं उतरवायला त्या आल्या होत्या आणि ही बाई ते उतरवू देत नव्हती. मग त्या रागाचीच त्यांना लाज वाटली. आपण मोकळं व्हायला आलो होतो, वहिनीला काय हवं ते विचारायला नव्हे, हे त्यांना तिथंच कळलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर अनुपमा मॅडम वही घेऊन गोजरबाईंच्या ओट्यावर आल्या. गोजरबाईंनी सिंधूताईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. माझी गोष्ट मीच काय सांगू, या बाई तेव्हा चुलीपाशीच होत्या, यांनाच विचारा, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी विचारलं की मीठ खरंच दोनदा पडलं होतं, की लोकांनी मागून गोष्ट जुळवली?

सिंधूताईंनी वहिनीकडं पाहिलं. गोजरबाई वाट पाहत होत्या.

"वयनीनंच टाकलं," सिंधूताई म्हणाल्या. "दोन खेपा. म्या मह्या डोयानं पाह्यलं."

चोपन्न वर्षं त्या नुसत्या गप्प होत्या. खोटं त्या आज पहिल्यांदा बोलल्या. मॅडमनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली लिहायला माहिती देणाऱ्याचं नाव विचारलं. सिंधूताई बोलायच्या आधी गोजरबाईंनीच त्यांचं नाव सांगितलं, आडनावासकट.