अठ्ठावन्न किलो जास्त

प्रसन्नने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, शोरूमच्या चकचकीत फरशीवर एक गुडघा टेकला आणि दाराच्या खांबावर चिकटवलेलं लेबल मोबाइलच्या उजेडात वाचलं. मग पुन्हा वाचलं. आकडा काही बदलला नाही. अकराशे तीस किलो. माणसं, सामान, सगळं धरून ह्या गाडीच्या अंगावर एवढंच घालायचं, त्यापुढे नाही.

वर सीटवर रूपेश बसला होता. सीट पुढे घे, मागे घे, वर कर, खाली कर, असं त्याचं दहा मिनिटं चाललं होतं.

"दाजी, ह्यात तर पाठ चोळायची पण सोय हाये," तो म्हणाला. "बटण दाबलं की सीटच दाबून देती."

"उतर खाली."

"काय झालं?"

"काही नाही. मालक येतील एवढ्यात. उतर."

रूपेश हा प्रसन्नच्या बायकोचा, शुभदाचा, पाठचा भाऊ. अडतिशीचा. जालन्याकडे बारा वर्षं दुधाचा टँकर चालवला, मग डेअरीच बंद पडली. तेव्हापासून शुभदाने प्रसन्नच्या मागे जी भुणभुण लावली, ती रूपेश कुवेतच्या विमानातून उतरेपर्यंत थांबली नाही. प्रसन्न अर्दियाच्या एका गोदामात वाहतुकीचं बघायचा. चाळीस ट्रक त्याच्या हाताखाली. गोदामाचे मालक बू मिशारी. त्यांना घरी ड्रायव्हर हवाच होता. घरगुती व्हिसावर रूपेश आला आणि मालकांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहू लागला. आणताना प्रसन्नने मेहुण्याची तारीफ जरा सढळ हातानेच केली होती. घाटात भरलेला टँकर उतरवलेला माणूस आहे, म्हणाला होता. आता नोकरी लावून देताना कुणी मोजूनमापून बोलतं का?

तर मालकांनी मित्राकडून ट्रेलर घेतला होता. ट्रेलर कसला, चाकांवरचं घरच ते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन झोपायच्या खोल्या, वर बटण दाबलं की बैठकीची भिंत बाहेर सरकून खोली मोठी होते. थंडी पडली की इथली माणसं वाळवंटात मुक्काम ठोकतात, आणि यंदा बू मिशारींना तंबूचा कंटाळा आला होता. हा ट्रेलर साध्यासारखा मागे अडकवायचा नसतो. त्याची मान पिकअपच्या हौद्यात येते आणि तिथे बसवलेल्या तव्यासारख्या जाड चकतीवर टेकते. म्हणजे ट्रेलरचा बराच भार थेट गाडीच्या पाठीवर. प्रसन्नने दुसऱ्या एका कंपनीची मोठी गाडी दोन तास मागून आणली, ट्रेलरच्या टाकीत पाणी भरलं, जनरेटर चढवला, तांदळाची पोती आणि लाकडंसुद्धा ठेवली आणि गोदामाच्या वजनकाट्यावर ते सगळं तोललं. मानेचा भार एक हजार सव्वीस. चकती नि तिचा सांगाडा नव्वद. झाले अकराशे सोळा. अजून गाडीत एकही माणूस बसलेला नाही!

"कुठली गाडी घेऊ, तू बघून सांग," असं मालक म्हणाले होते. सोळा वर्षांत प्रसन्न एक गोष्ट पक्की शिकला होता. मालक विचारतात तेव्हा त्यांचं ठरलेलं असतं. त्यांना तोंडावर नाही म्हणायचं नसतं. कागद पुढे करायचा. कागद नाही म्हणतो, आपण नुसतं मान खाली घालून बाजूला उभं राहायचं.

म्हणून त्याने लॅपटॉपवर तक्ता केला होता. एका रकान्यात ही काळी गाडी, काचेच्या छताची, मालकांनी फोटो पाठवलेली. दुसऱ्या रकान्यात शोरूमच्या मागच्या आवारात उभी असलेली पांढरी, मागे चार चाकांची, जी असले दोन ट्रेलर अंगावर घेऊन हू की चू करणार नाही. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात, मालकांचं कुटुंब. मालक, मालकीणबाई, तीन पोरं, प्रत्येकाचं नाव नि वजन. तीनशे तीस किलो. रूपेशचं नाव त्यात नव्हतं. अगदी तळाशी 'चालक, ७२' एवढंच.

ते मुद्दाम केलं होतं. ड्रायव्हरच्या जिवाची काळजी सांगून कुठल्या मालकाची आवड बदललीय? पण पोरांचं नाव घेतलं की बाप ऐकतो. पोरांसाठी मोठी गाडी आली की तिच्यात पुढे बसलेला रूपेशही आपोआप सुखरूप. सकाळी महबूल्याच्या घरून निघताना प्रसन्नने ही युक्ती शुभदाला सांगितली, तेव्हा ती डबा हातात देत म्हणाली होती, "अहो, तुमचं डोकं म्हणजे ना! पण रूपेशचं बघा बरं का. तुमच्या भरवशावर आलाय तो."

ते काय सांगायला हवं होतं? दोन वर्षांपूर्वी जहराच्या पुढे, साल्मीच्या रस्त्यावर, असाच एक जास्त भरलेला ट्रेलर आडव्या वाऱ्यात डुलायला लागला आणि ओढणाऱ्या गाडीला घेऊनच उलटला होता. ट्रेलर गोदामाचा, म्हणून तो ओळखायला प्रसन्नला बोलावलं होतं. ड्रायव्हरला ओळखायला त्याच्या खोलीतली माणसं आली होती. प्रसन्नने त्यांच्याकडे बघायचं टाळलं होतं.

बू मिशारी आले ते फोनवर बोलतच. अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, पायात चपला, चेहरा खुशीत. फोन ठेवायच्या आधीच त्यांनी काळ्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. मालक प्रसन्नशी थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, मधे अरबी असं बोलत आणि सोळा वर्षांत दोघांनाही त्याची इतकी सवय झाली होती की आपण कुठल्या भाषेत बोलतोय हेही त्यांच्या लक्षात येत नसे.

"काय म्हणतोस? सुंदर आहे की नाही?"

"सुंदर आहे सर. मागे अजून एक आहे, ती जरा बघितली तर..."

मालकांनी बघितली. मनाने भला माणूस, कुणाचं मन मोडायचा नाही. पांढऱ्या गाडीभोवती त्यांनी एक पूर्ण चक्कर मारली, मागची चार चाकं मोजली आणि हसत सुटले.

"ही? ही दिवानियासमोर, चार मित्र बसायला येतात तिथे, उभी केली तर लोक विचारतील, बू मिशारीने पाण्याचे टँकर ओढायचा धंदा काढला काय!"

विक्रेता हसला. रूपेशला काही कळलं नव्हतं, तरी तोही हसला. प्रसन्नने काळ्या गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला.

"सर, दोन मिनिटं. हे बघून घ्या."

मालक वाकले. सुरुवातीला ते वरवर बघत होते. मग त्यांना पोरांची नावं दिसली. धाकट्या मुलीचं नाव, पुढे एकोणीस किलो. त्यांनी बोट तिथे ठेवलं.

"हे काय आहे?"

प्रसन्नने सांगितलं. घाई केली नाही. गाडी किती पेलते, अंगावर किती पडतंय. तीनशे अठ्ठ्याऐंशी किलो जास्त. मागचा भाग दबतो, पुढचं तोंड वर उठतं, स्टिअरिंग हलकं पडतं. टायर तापतात. वर मुक्कामाला जायच्या साल्मीच्या रस्त्यावरचा वारा. आणि आत पोरं बसलेली.

"पोरांच्या जिवाला धोका आहे सर," तो म्हणाला. एवढं स्पष्ट तो सोळा वर्षांत बोलला नव्हता.

बू मिशारींचं हसू पार मावळलं. त्यांनी खिशातून जपमाळ काढली, मणी ओढत उभे राहिले. तळाच्या बेरजेच्या लाल चौकटीकडे बघत राहिले. चला, लागू पडलं, असं प्रसन्नला वाटलं. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने रूपेशकडे बघून हळूच मान हलवली. रूपेशनेही हलवली, कशाबद्दल ते न कळता.

"प्रसन्न," मालक म्हणाले. आवाज जड झाला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू माझा भाऊ आहेस. एवढा विचार माझ्या घरच्यांनी पण केला नसता. मी पोरांना घेऊन बसलो असतो ह्यात. वल्लाह, बसलो असतो."

"नाही सर, माझं कामच आहे ते."

"खलास. त्यांना काढ."

"काय सर?"

"पोरांना काढ ह्यातून. बायकोला काढ. मला पण काढ." त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. "आम्ही सगळे दुसऱ्या गाडीने येऊ, मागून. ह्यात कुणी बसणार नाही. फक्त ड्रायव्हर."

प्रसन्नने लॅपटॉप थोडा स्वतःकडे ओढला.

"काढ ना. बघू काय येतं."

आता ह्याला काय म्हणावं? कागदच बोलेल म्हणून ज्याने कागद केला, त्याच्याच बोटांनी एकेक नाव पुसायचं होतं. त्याने पुसलं. मालक गेले, मालकीणबाई गेल्या, दोन मुलगे गेले. एकोणीस किलोची मुलगी गेली. वरच्या ओळी रिकाम्या झाल्या आणि खालची बेरीज उतरत उतरत एका जागी येऊन थांबली. चौकट लालच होती.

"अजून लाल का?"

"अठ्ठावन्न किलो जास्त आहे सर. अजून."

"अठ्ठावन्न?" मालकांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते विक्रेत्याकडे वळून हसले. "अठ्ठावन्न किलो म्हणजे काय रे? एक माणूस पण नाही!"

"सर, पाणी तिकडे जाऊन भरलं तर... टाकी रिकामी नेली तर..."

"आणि पोचल्यावर पोरं काय पिणार? नमाजाआधी वुजू कशाने करायचं, हातपाय कशाने धुवायचे?"

"मग रूपेश..." प्रसन्न म्हणाला आणि अडखळला. इतकं सगळं मोजलं होतं त्याने, पण ह्या वाक्याची तयारी केली नव्हती. "सर, रूपेश एकटा..."

"रूपेश चांगला ड्रायव्हर आहे. तूच सांगितलंस ना मला? डोंगरातून टँकर उतरवायचा म्हणून?" मालकांनी कौतुकाने रूपेशकडे बघितलं आणि त्याच्या पाठीत एक प्रेमाची थाप दिली. "आणि तुझा मेहुणा आहे. परक्या ड्रायव्हरच्या हातात मी दिली असती काय?"

यावर बोलायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी. खरं तर होती. बायकोचा भाऊ आहे सर, त्याला नका बसवू, एवढीच होती. पण त्यासाठी आधी म्हणावं लागलं असतं, की मघाशी मी तुमच्या पोरांसाठी बोलत नव्हतो. आणि ते म्हटल्यावर अर्दियातली खुर्ची, महबूल्याचं घर, रूपेशचा व्हिसा, सगळं त्याच माणसाच्या हातात, ज्याचा हात आत्ता त्याच्या खांद्यावर होता. प्रसन्नने लॅपटॉप मिटला. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला आणि त्या रागाचं करायचं काय तेही कळेना.

मालक विक्रेत्याबरोबर आतल्या केबिनमध्ये सह्या करायला गेले. जाताना म्हणाले, हौद्यात बसवायच्या त्या चकतीवर काळा रंग मारून घे, गाडीला शोभेल.

रूपेश जवळ आला.

"काय ठरलं दाजी? हीच ना?"

"हीच."

"तुमचं तोंड का उतरलंय मग? भारी गाडी हाये की!"

"तू एकटा आणणार आहेस ट्रेलर. ते सगळे दुसऱ्या गाडीने येणार, मागून."

"एकटा?" रूपेश खुलला. "लई बेस झालं. ते लेकरं मागं लई दंगा करतेत हो, वरून टीव्ही लावा, गार करा, गरम करा. एकट्याला कसं निवांत."

"रूपेश, ऐक. वजन जास्त आहे. थोडं. पण जास्त आहे."

"किती?"

"आहे. साल्मीच्या रस्त्याला वारा असतो. मागनं ट्रेलर हलल्यासारखा वाटला तर एकदम ब्रेक मारायचा नाही. घाबरून स्टिअरिंग ओढायचं नाही. कळलं? ट्रेलरचे ब्रेक वेगळे असतात, ते मी दाखवतो तुला. आणि हळू चालवायची. मालक मागून फोन करतील, चल चल म्हणतील, तरी हळू."

"बरं."

"मालकांचं ऐकायचं नाही."

रूपेशने जरा नवलाने बघितलं. दाजी असं कधी बोलत नसत. मग त्याने शर्टाच्या खिशातून फोन काढला, रस्त्यांची नावं लिहून घ्यायचा तसा समोर धरला.

"हळू म्हणजे किती, दाजी? आकडा सांगा. तुम्ही म्हणाल त्याच्या वर काटा नाही जाणार."

काचेपलीकडे बू मिशारी सही करत होते. मधेच त्यांनी मान वर केली, प्रसन्नकडे बघून छातीवर हात ठेवला, आभार मानल्यासारखा. प्रसन्ननेही छातीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

"सत्तर," तो म्हणाला. हा आकडा त्याने कुठल्याच तक्त्यातून काढला नव्हता. तोंडाला आला तो सांगितला.

"सत्तर," रूपेशने लिहून घेतलं. "मग झालं तर. तुम्ही काढलाय म्हणल्यावर काय भ्यायचं?"