उतरत्या खांद्याची काच

टर्नरकाका घरात बोलत नसत. मुके नव्हते हो! "चहा झाला का", "पाणी गेलंय", "माझा चष्मा बघितलास का" एवढं सगळं व्यवस्थित बोलत. पण मनातलं म्हणून जे काही असतं, ते चार भिंतींच्या आत त्यांच्या तोंडून निघेल तर शपथ. जन्मभर कारखान्यात लेथपुढे उभा राहिलेला माणूस. त्या घरघराटात कोण कुणाशी बोलणार? निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटा लेथ टाकला. पुढच्या खोलीत काकूंचं शिवणयंत्र आणि गिऱ्हाइकांच्या कापडाचे गठ्ठे. दिवसभर ते तिकडे घर्रर्र आणि या इकडे खडखड, आणि संसार तसा झकास चालला होता.

बोलायची त्यांची जागा वेगळी होती. काकांची जुनी मोटारसायकल आणि तिला डाव्या अंगाला जोडलेली साइडकार. रविवारी सकाळी काकू साइडकारमध्ये ऐसपैस बसायच्या, गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागायची, आणि काकांच्या तोंडाचं कुलूप निघायचं. हात हँडलवर, नजर रस्त्यावर, समोर कुणी तोंडाकडे टक लावून बघत नाही, मग काय विचारता! गाडी इतकी हळू की सायकलवाले पुढे निघून जायचे. लेकीला कुठल्या घरी द्यायचं ते त्या रस्त्यावर ठरलं, मागची खोली बांधायची तीही तिथेच ठरली, आणि कारखान्यातल्या साहेबाला ज्या शिव्या तोंडावर देता आल्या नाहीत, त्या सगळ्या काकूंनी साइडकारमध्ये बसून ऐकल्या.

आणि मग काकूंच्या डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. कान सुधारला, पण डॉक्टरांनी बजावलं, त्या कानात वारा जाता कामा नये. काकूंनी कापूस घालून बघितला, वर स्कार्फ बांधून बघितला. गाडी हळू असली म्हणून काय झालं, मोकळ्या माळावरच्या वाऱ्याला गाडीच्या वेगाशी काही देणंघेणं नसतं. घरी आल्या त्या कान धरूनच.

"पुरे झालं आता," काकू म्हणाल्या. "हौस फिटली. चौकातला तो फोटोवाला कधीपासून साइडकार मागतोय, स्टुडिओत ठेवायला. लहान मुलांना आत बसवून फोटो काढेल. देऊन टाका."

"बघू," काका म्हणाले. त्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

काकांचं दुखणं वेगळंच होतं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांच्या मनात जी भीती शिरली होती, ती अजून तिथेच होती. कानाचं साधं ऑपरेशन, डॉक्टर हसून आत गेलेला, पण दार बंद झालं आणि या माणसाच्या मनात नको नको ते यायला लागलं. हे कुणाला सांगायचं? बायकोला. कुठे? साइडकारमध्ये. घरात त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. चांगले दोनदा शिवणयंत्रापाशी जाऊन उभे राहिले. काकूंनी मान वर करून "काय हो?" विचारलं, आणि यांच्या तोंडून निघालं, "चहा झाला का?" साइडकार गेली असती, तर ती भीती जन्मभर मनातच राहिली असती.

म्हणून काकांनी ठरवलं, साइडकारला पुढून काच बसवायची. वारा आत शिरलाच नाही, तर काकूंची काय बिशाद नाही म्हणायची!

बाजारात विचारलं. दुकानदार एकमेकांकडे बघून हसले. एवढ्या जुन्या गाडीची काच? ती बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झाला, म्हणाले. काकांनी तिथल्या तिथे अ‍ॅक्रिलिकचे दोन जाड पारदर्शक पत्रे घेतले, बगलेत मारले आणि तडक शेडमध्ये आले.

आता काकांचं काम म्हणजे काम. आधी पुठ्ठा घेतला, मधोमध घडी घातली, अर्धा आकार आखून कापला आणि घडी उलगडली. डावं उजवं अगदी हुबेहूब. लेथवर जन्म घालवलेल्या माणसाला जे चारी बाजूंनी सारखं नाही ते काम अर्धवटच वाटणार. पुठ्ठा साइडकारवर धरून त्यांनी दूर जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पुठ्ठ्याबरहुकूम पत्रा कापला, कानस मारली, पॉलिश पेपरने कडा इतक्या घासल्या की बोट फिरवलं तर लोण्यावर फिरवल्यासारखं वाटावं. पण सपाट पत्रा काय कामाचा? तो बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेईल असा वाकवायला हवा, आणि अ‍ॅक्रिलिक थंड असताना वाकवलं तर पापडासारखं तुटतं. एका जुन्या लोखंडी कपाटाला आतून हीटरच्या कॉइल बसवून काकांनी भट्टी केली. प्लायवूडचा गोलसर साचा केला. साच्यावर गोणपाट पसरलं, पत्रा तापून मऊ झाला तसा जाड हातमोजे घालून बाहेर काढला आणि साच्यावर पांघरला. आकार फक्कड आला! पण गार झाल्यावर बघतात तर गोणपाटाची वीण न् वीण पत्र्यावर उमटलेली. यातून रस्ता बघायचा म्हणजे चाळणीतून जग बघायचं.

काकांनी कपाळावर हात मारला. साच्यावर मऊसूत कापड हवं. आणि मऊसूत कापड कुठे असतं, हे त्या घरात विचारायला नको. काकू अंघोळीला गेल्याचं बघून ते पुढच्या खोलीत शिरले आणि गठ्ठ्यातला पांढरा फ्लॅनेलचा तुकडा उचलून पसार झाले.

दुसरा पत्रा आरशासारखा निघाला. काका त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारून आले, तोवर दारात काकू उभ्या.

"पोस्टमास्तरांच्या कोटाचं अस्तर कुठंय?"

काकांनी साच्याकडे बघितलं. काकूंनीही बघितलं. फ्लॅनेल मधोमध करपून पिवळं पडलं होतं.

"अहो, आज ट्रायलला येणारेत ते! काय सांगू त्यांना? तुमचं अस्तर आमच्या ह्यांनी भाजलं?"

"वारा लागणार नाही आता तुला," काका म्हणाले. एवढंच. पण त्या काचेकडे बोट दाखवताना त्यांचा चेहरा असा काही झाला होता की काकूंचा राग अर्ध्यावरच विरला. त्या "या वयात हे उद्योग" असं पुटपुटत आत गेल्या, आणि पाठ वळल्यावर हसल्या.

भोकं पाडताना काकांनी घाई केली नाही. बोल्टपेक्षा भोक जरा मोठं, दोन्हीकडून रबरी वॉशर, खालच्या कडेला रबराची पट्टी. उन्हात काच फुगली तरी तडकायला नको. रविवारी सकाळी काकू येऊन बसल्या. काच त्यांच्या दोन्ही खांद्यांना वळसा घालून पार कानांच्या वरपर्यंत आली होती. शोकेसमधल्या बाहुलीसारख्या दिसत होत्या, पण हे बोलायची हिंमत गल्लीत कुणाची नव्हती.

मोकळा रस्ता लागला. काकांनी घसा खाकरला. आधी उगीच इकडचं तिकडचं बोलले, काच कशी केली ते बोलले, आणि मग नजर रस्त्यावर रोवून त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाक, बंद दार, मनात आलेले नको नको ते विचार, सगळं. शेवटी तर डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वाऱ्याच्या नावावर खपवलं. इतक्या दिवसांनी छाती मोकळी झाली होती. काकू काही बोलल्या नाहीत. गहिवरल्या असतील, काकांना वाटलं.

घरी आल्यावर काकू खाली उतरल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "काच छान झालीय हो. वारा अजिबात लागला नाही." मग जरा थांबून, नजर चुकवून म्हणाल्या, "पण ती साइडकार देऊनच टाका. फोटोवाल्याला निरोप धाडते मी."

काकांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. एवढं काळीज उघडं केलं आणि त्यावर हे उत्तर? ते शेडमध्ये जाऊन लेथपुढे उभे राहिले. लेथ मात्र चालू केला नाही. दुपारी जेवायला आले तेही मान खाली घालून, आणि वाढलेलं पान अर्धं टाकून उठले. त्या माणसानं पानात टाकलेलं काकूंनी आजवर पाहिलं नव्हतं. त्या हात न धुताच मागोमाग शेडमध्ये गेल्या.

"काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही. मी एवढं सगळं सांगितलं. तुला काहीच वाटलं नाही, तर नाही."

"काय सांगितलंत?"

"रस्ताभर बोलत होतो मी!"

"बोलत होतात ते दिसत होतं!" काकूंचा आवाज चढला. "ओठ हलताना दिसत होते. ऐकायला एक अक्षर येईल तर ना! दोन्ही बाजूंनी काच, आत नुसतं इंजिन घुमतंय. डाव्या कानात तर आधीच कापूस, आणि उजव्यावर तुम्ही भिंत घातलीत. काचेच्या पेटीत बसून नवऱ्याचे हलणारे ओठ बघायला मी येत होते का इतकी वर्षं? घरात तुम्ही बोलत नाही. तिथेही ऐकू येणार नसेल, तर मला ती साइडकार डोळ्यांसमोरच नको. म्हणून म्हटलं, देऊन टाका."

आणि त्यांना रडू आलं. काका बावचळले. रागावलेल्या काकू त्यांना पाठ होत्या, रडणाऱ्या नव्हत्या.

"काच एवढी मन लावून केलीत," काकू नाक पुसत म्हणाल्या, "वाईट कसं म्हणणार मी?"

काकांनी काचेच्या दोन्ही कडांवरून हात फिरवला. "पण दोन्ही बाजू अगदी सारख्या आल्यात," ते म्हणाले.

"तिथेच तर घोळ झालाय!" काकूंना रडता रडता हसू फुटलं. "अहो, कापड मीही घडीवरच कापते. पण मग माणसाला उभं करते, ट्रायल घेते. आजवर दोन्ही खांदे सारखे असलेलं एकही गिऱ्हाईक माझ्याकडे आलेलं नाही. पोस्टमास्तरांचाच उजवा खांदा उतरता आहे. माझी ट्रायल घेतलीत तुम्ही? चला, बसते मी."

काकू साइडकारमध्ये बसल्या, नेहमी बसायच्या तशा. म्हणजे सरळ नाहीच; उजव्या कुशीवर रेलून, मान काकांच्या बाजूला कलती. इतकी वर्षं ही बाई अशी बसत होती आणि काकांनी पुठ्ठा कापताना एकदाही ते आठवलं नव्हतं. त्यांना मनातून स्वतःची लाज वाटली. काकूंनी खडू मागितला. डावीकडे काच होती तशीच ठेवली, कानाला पूर्ण आडोसा. मध्यापासून उजवीकडे मात्र खडूची रेघ उतरत उतरत पार दंडापर्यंत नेली.

"इथून कापा."

एवढी घासलेली कड! काकांनी जिगसॉची करवत लावली आणि रेघेवरून चालवली. अंगाला कुणी कात्री लावावी तसे ते कळवळत होते, आणि काकू शेजारी उभ्या राहून "हं, आता वळा, अजून वळा" म्हणत होत्या. कड पुन्हा घासायला काकूही पॉलिश पेपर घेऊन बसल्या. लेथ बंद, शिवणयंत्र बंद. काच एका अंगाला झुकलेली आणि चांगलीच वेडीवाकडी दिसत होती.

त्यांचं घासणं चालू असतानाच फोटोवाला टेंपो घेऊन दारात आला. सकाळी घरात शिरताच काकूंनी शेजाऱ्याबरोबर निरोप धाडला होता, तो परत घ्यायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"काकू, न्यायची ना?"

"नाही रे बाबा. चूक झाली माझी. तुला मुलांचे फोटो काढायचे ना? इथे अंगणात आण त्यांना, हवे तेवढे काढ. पण रविवारी सकाळी नको."

पुढच्या रविवारी गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. वारा डाव्या अंगानं आला, काचेवर आपटला आणि वरून निघून गेला. काकू उजवीकडे रेलून बसल्या होत्या. काकांना पेच पडला. जे एकदा सांगून झालं ते परत कसं सांगायचं? शब्द जुळवता जुळवता रस्ता निम्मा संपला.

"त्या दिवशी काय सांगत होतात?" काकूंनी विचारलं.

काकांनी हँडल घट्ट धरलं. "तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी," ते म्हणाले, "मी फार घाबरलो होतो गं."

"काय?"

एवढं करून पुन्हा ऐकू आलं नाही? काकांनी छातीत हवा भरून घेतली.

"घाबरलो होतो मी! तुला काही झालं असतं तर मी कुणाशी बोललो असतो?"

शेजारून चाललेला सायकलवाला एवढा दचकला की कडेच्या गवतातच उतरला.

"अहो, ओरडताय काय? ऐकू आलं होतं पहिल्यांदाच."

"मग 'काय' कशाला म्हणालीस?"

"परत ऐकायचं होतं," काकू म्हणाल्या.

काकांनी गाडी आणखी हळू केली आणि दवाखान्याच्या बाकापासून पुन्हा सगळं सांगायला सुरुवात केली.