थेंबातले जीव

"हात लावू नको!" मुख्याध्यापक मधुकरराव दारातूनच ओरडले.

सूक्ष्मदर्शकावर वाकलेली रीना दचकून मागे सरली. विज्ञानाच्या मोहिनीबाईंनी आज गोंडपुऱ्यातल्या मुलींना मागच्या बाकांवरून सगळ्यांत आधी बोलावलं होतं. काचपट्टीवर तळ्याच्या पाण्याचा थेंब होता. "बाई, जित्ते जीव पळून राह्यले याच्यात!" असं रीना नुकतीच म्हणाली होती.

मधुकररावांच्या मागून शाळा समितीचे अध्यक्ष प्रफुलभाऊ आत आले. गावात त्यांचं किराणा दुकान, आणि मुलगी याच वर्गात, सातवीत.

"आमच्या पोरीचा नंबर शेवटी काऊन?"

"ती नेहमीच पहिली असते. आज या मुली."

"ह्या उद्या कापूस येचाले जातीन. यायले काय कराचं सायन्स?"

"ते तुम्ही ठरवणार?" बाईंचा आवाज चढला.

"मी काय काय ठरवतो, ते दिसनच तुमाले."

मधुकररावांनी सूक्ष्मदर्शक ओढून घेतला. काचपट्टी फरशीवर पडून फुटली.

"फोडली ना पोट्टीनं!" ते गरजले.

"मी नाई सर. तुमच्याच हातून पडली," रीना म्हणाली.

त्यांनी तिच्या गालावर फाडकन चपराक मारली. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "पुन्हा हात उचललात, तर पोलिसात जाईन."

आठवड्याभरात बाईंना आंजी गावाकडे सर्वेक्षणाच्या कामाला धाडलं गेलं. दिवाळीनंतर त्या परतल्या, तेव्हा रीना शाळेत येत नव्हती. बाई तडक शेतावर गेल्या. रीनाची आई बायजा कापूस वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

"बायजाताई, रीनाला पाठवा. मी आहे आता."

"तवाबी होत्याच ना तुमी? मार कोनं खाल्ला? तुमचं भांडन तुमी भांडा बाई. माह्या पोरीच्या गालावर नोको."

बाईंनी नजर पलीकडे वळवली.

कपाशीच्या पुढच्या ओळीत रीना धाकट्या बहिणीजवळ उकिडवी बसली होती. तिनं एक किडकं बोंड नखानं उकललं. आत गुलाबी अळी वळवळली. बहिणीनं ढेकूळ उचललं.

"मारू नोको," रीना म्हणाली. "तोंड कोन्तं अन् शेपूट कोन्तं, ते सांग अगुदर."

"रीने, हात चालव!" बायजा ओरडली.

रीनानं बोंड अळीसकट ओटीत टाकलं आणि पुढच्या झाडाकडे वळली. बाईंकडे तिनं पाहिलं नाही.