ओट्यावरचा गिलास

यवतमाळ स्टेशनातून मूर्तिजापूरची गाडी सुटली की तिचा धूर विजयमालाबाईंच्या मळ्यावरून जायचा. मळा आता गावात आला होता. तो जागचा हलला नव्हता. गावच सरकत त्याच्याभोवती आलं होतं. एका अंगाला कापसाचं जीन, दुसऱ्या अंगाला सरकारी क्वार्टर, पुढे सडक. मधे विहीर, थोडी कापसाची पऱ्हाटी, थोडा भाजीपाला आणि दोन खोल्यांचं घर.

त्या घरात बाई एकट्या राहत. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटे दीर नेरला असत. ते वर्षातून एकदा येत आणि मळ्याचे प्लॉट पाडण्याचा विषय काढून परत जात. क्वार्टरातल्या बाया भाजीसाठी कुंपणापर्यंत येत, पण आत येऊन कोणी बसत नसे. सकाळी बैलांचं करायला भावसिंग येई आणि दुपारी जाई. त्यानंतर आवाज करणारं म्हणजे विहिरीचं चाक, आणि त्यालाही भावसिंगने तेल घातल्यापासून ते गप्प होतं.

म्हणून १९६१ च्या पावसाळ्याआधी गावातल्या एका प्राथमिक शाळेचे नागोराव गुरुजी कुंपणाशी येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांचं बोलणं पुरं होण्याआधीच बाईंनी हो म्हणून टाकलं. गुरुजींचं म्हणणं साधं होतं. चौथीला शेतीकाम हा विषय आहे, शाळेला जमीन नाही. मुलं पुस्तकातल्या चित्रावरून नांगर ओळखतात. दर शनिवारी सकाळी त्यांना एखादा पट्टा मिळाला, तर ती स्वतःच्या हाताने पेरतील, निंदतील, वेचतील.

"पण एक आधी सांगितलेलं बरं," गुरुजी म्हणाले. "मी स्टेशनामागच्या वस्तीतला. बौद्ध आहो. वर्गात आमच्याकडची लेकरंही आहेत."

"बसा तं," बाई म्हणाल्या आणि आतून पितळी गिलासात पाणी घेऊन आल्या.

गुरुजी प्याले. रिकामा गिलास विसळायला ते उठू लागले, तर बाईंनी तो त्यांच्या हातातून घेतला. त्या घरात हे पहिल्यांदा घडत होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

मुलं आली. सडकेकडचा एक पट्टा त्यांना दिला होता. पहिल्या दिवशी त्यांनी बोटाने भोकं पाडून सरकी टोबली. ओळींच्या कडेला बाईंनी अंबाडी लावून घेतली. काही आठवड्यांनी निंदणाची वेळ आली, तेव्हा अंबाडीने घोटाळा केला. तिची कोवळी रोपं लांबून पऱ्हाटीसारखीच दिसतात. क्वार्टरातल्या एका कारकुनाची जया अंबाडीलाच पऱ्हाटी समजून भलतीच मूठभर रोपं उपटून मोठ्या ऐटीत बाईंकडे आली.

"काकू, पहा किती गवत काढलं मी!"

तिच्यामागून आलेली काळीसावळी, बुटकी मुलगी ओरडली, "अवं माय, हे तं पऱ्हाटी होय! गवत तिथंच आहे. आता कापसाच्या जागी अंबाडीची भाजी पाठवजो जीनमधी!"

सगळा वर्ग हसला. जया रडकुंडीला आली. बाईही हसल्या, इतक्या की पदर तोंडाला लावावा लागला. बैल सोडत असलेला भावसिंग थांबून पाहत राहिला.

"तू कोणाची वं?" बाईंनी त्या मुलीला विचारलं.

"मी नलू. उकंडा हमालाची. माहे बाबा याच जीनमधी गाठी उचलते. आमी कापसातच खेळतो."

मग नलूने आणि जयाने मिळून रिकाम्या जागी पुन्हा सरकी टोबली. उकंडा हमाल स्टेशनामागच्या वस्तीत राहतो हे बाईंना ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी त्यावर काही विचार केला नाही.

शनिवार हा बाईंचा वार झाला. आदल्या दिवशी त्या भुईमुगाचे दाणे भाजून ठेवत, अंगण झाडून घेत. मुलांची नावं त्यांना पाठ झाली. भावसिंग थट्टा करायचा, "बाई, आता बैलायलेबी शाळेत घालून द्या. दोघंच मागं राह्यले."

भादव्यात पावसाने उघाड दिली आणि ऊन तापलं. त्या शनिवारी दुसऱ्यांदा निंदण झालं. मुलांचे हात मातीने भरले, तोंडं लाल झाली. काम संपताच सगळी विहिरीकडे धावली. बाईंनी बाल्टी ओढून ओट्यावर ठेवली. आतला तो पितळी गिलास आणला आणि तांब्याने त्यात पाणी भरून एकेकाला देऊ लागल्या. मुलं ढकलाढकली करत होती. गिलास मातीने माखत होता, हातातून निसटत होता. एकाने तो पाडला. बाईंनी उचलून विसळला, जयाला पाणी दिलं. जया पिऊन बाजूला झाली. तिच्यामागे नलू होती.

बाईंनी गिलास ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "ओंजळ कर."

नलूने ओंजळ केली. बाईंनी वरून तांब्याने धार धरली. नलू प्याली. तिच्यामागची सगळी मुलं, ब्राह्मणाचा मुलगा, तेल्याचा, वाण्याचा, सगळी तशीच ओंजळीने प्याली, आणि काम लवकर उरकलं.

गुरुजी निंबाखाली उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "चला रे, रांग करा." नेहमीसारखे दाणे घ्यायला ते थांबले नाहीत.

पुढच्या शनिवारी कोणी आलं नाही. बाईंना वाटलं, शाळेत काही कार्यक्रम असेल. त्याच्या पुढच्या शनिवारीही सडक रिकामीच राहिली. दाणे भावसिंगने घरी नेले. जया क्वार्टरच्या कुंपणापाशी दिसली, तेव्हा बाईंनी तिला हाक मारली.

"काहून वं, येत नाही आता तुम्ही?"

"गुरुजी म्हणाले, शेतीकाम आता फळ्यावर," जया म्हणाली आणि पळाली.

बाई शाळेत गेल्या. लग्न होऊन यवतमाळात आल्यापासून त्या कुठल्याही शाळेच्या दारात गेल्या नव्हत्या. मधली सुट्टी होती. गुरुजी वर्गात एकटेच फळा पुसत होते. फळ्यावर पऱ्हाटीचं चित्र अर्धं पुसलेलं होतं.

"गुरुजी, माह्याकडून काही चुकलं का?"

गुरुजींनी त्यांना बसायला खुर्ची दिली, स्वतः उभेच राहिले.

"बाई, त्या दिवशी गिलास कुठं होता?"

"कोणता गिलास? ओट्यावर होता."

"कोणाच्या पाळीला ओट्यावर ठेवला?"

बाई म्हणाल्या, "पोरायचे हात चिखलाचे होते. गिलास सारखा विसळावा लागत होता. म्हणून म्हटलं, ओंजळीनं लवकर होईल."

"चिखल सगळ्यांच्याच हाताले होता."

"अहो, तुम्हालेच तं म्या पहिल्या दिवशी त्याच गिलासात पाणी देल्लं!"

"मी मास्तर आहो, बाई. नलू मास्तर नाही." गुरुजींचा आवाज चढला नाही. "वरून पडणारी धार मी लहानपणी लय पेलो. ती पाहिली की माझ्या मानेले आपोआप बाक येतो. त्या दिवशी तिच्या मानेचा बाक पाहिला."

"तिच्या मागचेबी सगळे तसेच पेले."

"हाव. पण सुरुवात तिच्यापासून झाली."

घरी आल्यावर बाई विहिरीच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. एका हातात तांब्या, एका हातात गिलास. जयाला पाणी दिलं, तेव्हा आपण काय पाहिलं होतं? मागची लांबलचक रांग की मागे उभी असलेली नलू? त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. चिखल आठवला, ऊन आठवलं, पडलेल्या गिलासाचा आवाज आठवला. पण गिलास खाली ठेवताना मनात काय होतं ते आठवेना. सासू याच ओट्यावरून मजुरांना अशीच धार धरायची. तिच्याशेजारी उभं राहूनच त्या हे शिकल्या होत्या. हाताने ते आपणहून केलं असेल, तर हाताला विचारायची सोय नव्हती.

दिवाळी झाली. मुलांच्या पट्ट्यातली बोंडं फुटली. बाकीच्या मळ्याची वेचणी झाली, तो पट्टा तसाच पांढरा उभा राहिला.

"बाई, वेचून घ्या तो," भावसिंग म्हणाला. "कापूस खाली लोळून राह्यला. गाय आली कुंपणातून तं एका घासात वर्ग खलास."

"ज्यायनं पेरला त्यायनं वेचावा."

"अन् ते आले नाही तं?"

त्या दुपारी बाईंनी भावसिंगच्या हाती निरोप पाठवला: मुलांचा कापूस तयार आहे, मी हात लावला नाही, गुरुजींनी वेचायला घेऊन यावं. आणि बाजारातून पितळी गिलास आणवले, एका रांगेत ओट्यावर मांडता येतील इतके.

शनिवारी मुलं आली. सडकेवरून त्यांचा गलका ऐकू आला, तेव्हा बाई चुलीवरचं तसंच टाकून बाहेर आल्या. मुलांनी पोटाला फडकी बांधली होती आणि प्रत्येकाच्या हातात घरून आणलेला पेला होता. कोणाचा जर्मनचा, कोणाचा पितळेचा, कोणाचा कान तुटलेला कप.

"म्या सांगितलं त्यायले," गुरुजी म्हणाले. "तुम्हाले विसळायचा त्रास नको."

बाई "बरं" म्हणाल्या. ओट्यावरचे गिलास उन्हात चकाकत राहिले. मुलांनी पेले पुढे केले, बाईंनी तांब्याने त्यात पाणी ओतलं. पेल्यात ओतायचं तरी धार वरूनच धरावी लागते. गुरुजींकडे न पाहता त्या ओतत राहिल्या.

नलूचा हात रिकामा होता.

"तुहा पेला कुठं वं?"

"इसरली."

बाईंनी रांगेतला पहिला गिलास उचलला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. नलूने गिलासाकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. गुरुजी पऱ्हाटीकडे पाहत होते.

"मले तहान नाही, काकू," ती म्हणाली आणि पट्ट्याकडे पळाली.

वेचणी सुरू झाली. बोंडाच्या टोकाने बोटं टोचत होती, मुलं ओरडत होती. "हळू काढ, काडी येऊन राह्यली," "तुह्या फडक्यात कापूस कमी अन् पाला जास्त!" बाई मुलांमध्ये फिरत होत्या. कोणाला पाकळीतून कापूस एका ओढीत कसा सुटतो ते हात धरून दाखवत होत्या. जया या वेळी सगळ्यांत पुढे होती आणि नलू तिच्या ओळीत नव्हती.

मान वळवली, तर नलू विहिरीजवळ होती. ओट्याआड उकिडवी बसून तिने दोन्ही हात बाल्टीत बुडवले होते आणि ओंजळीने घाईघाईत पाणी पीत होती. मातीचे हात, पाण्यात मनगटापर्यंत. पाणी हनुवटीवरून परत बाल्टीत गळत होतं. ती खूप तहानलेली होती.

तिला आपण दिसलो तर ती दचकेल, पाणी अर्धं टाकून पळेल, असं बाईंना वाटलं. त्यांनी चटकन पाठ फिरवली आणि जवळच्या झाडावर नसलेलं बोंड शोधू लागल्या.

पट्ट्याच्या टोकाला उभ्या असलेल्या गुरुजींना दोन्ही गोष्टी दिसल्या. बाल्टीत बुडलेले मुलीचे हात, आणि ते पाहताच बाईंनी फिरवलेलं तोंड. त्यांना बाईंची पाठच दिसत होती.

कापसाचं गाठोडं बांधून झालं. मुलांनी दाणे घेतले, पेले घेतले, रांग केली. नलू रांगेत होती. तिच्या फ्रॉकचा गळा ओला होता.

"पुढच्या शनिवारी येजा," बाई म्हणाल्या. "दुसरी वेचणी राहीन अजून. अन् अंबाडीबी सोलाची आहे. तिची दोरी कशी वळते ते दाखवीन पोट्ट्यायले."

"कापूस तं वेचून झाला, बाई," गुरुजी म्हणाले.

त्यांनी हात जोडले. बाईंनाही जोडावे लागले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण आपण पाठ फिरवलेली गुरुजींनी पाहिली, हे त्यांना कळलंच नव्हतं. त्यामुळे नेमकं काय सांगायचं, तेही कळलं नाही. "सांभाळून न्या लेकरायले," इतकंच त्या म्हणाल्या.

गलका सडकेवरून स्टेशनाकडे गेला आणि कमी होत संपला. भावसिंग कधीच गेला होता. बाई विहिरीपाशी आल्या. नलूसाठी भरलेला गिलास ओट्यावर तसाच काठोकाठ होता, त्यात कापसाचा एक धागा पडला होता. ओट्याआड खाली बाल्टी. पाणी गढूळलेलं, तळाशी माती बसत चाललेली.

त्यांना तहान लागली होती. त्यांनी गिलासाकडे हात नेला आणि मागे घेतला. मग त्या ओट्याआड, नलू बसली होती तिथेच उकिडव्या बसल्या. बाल्टीवर हात थोडा वेळ तसेच राहिले. मग त्यांनी ते मनगटापर्यंत बुडवले, ओंजळ भरली आणि मान वाकवून प्याल्या. पाण्याला मातीची चव होती.

त्यांनी डोकं वर करून सडकेकडे पाहिलं. सडकेवर कोणी नव्हतं.