तांबड्या दिव्याची बाजू

फवारणीच्या पंपाची बॅटरी.

भोसरीची चौदा वर्षं.

उसानं भरलेली ट्रॉली आणि उसावर बसलेला एक माणूस, हातात बेळकं.

बयाबाईंच्या मोबाईलवरची मालिका, जी कधी अडकत नाही.

एक चापट. माझ्या डाव्या अंगाला.

मित्रांनो, या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध मी आहे. मी एक जुना राउटर आहे. आमच्या पिंपळवंडीत मला राउटर कुणी म्हणत नाही. ‘वायफाय’ म्हणतात, आणि राग आला की ‘डबडं’. मी डबडं नाही. हे आताच सांगून ठेवतो, पुढे पुन्हा सांगेन.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तासाला माझ्यासारखे शेकडो जन्मत होते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते सुदर्शन केबलवाल्यानं मला रविंद्र यांच्या घरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवलं तेव्हा. मला तीन दिवे आहेत. पहिला विजेचा. दुसरा वायफायचा. तिसरा बाहेरून येणाऱ्या वायरचा. वायर धड असली की तो हिरवा, तुटली की तांबडा.

पहिली दोन वर्षं माझं कौतुक झालं. लग्नाचे व्हिडिओ, टोमॅटोचे भाव, सगळं माझ्यातून गेलं. मग रविंद्र यांची मुलगी साक्षी हिला पुण्याच्या कंपनीत काम मिळालं. दवाखान्यांचे विम्याचे कागद तपासायचे आणि त्यांच्याशी फोनवर बोलायचं, तेही घरी बसून. अट एकच होती. महिन्यात तीनदा कॉल तुटला, तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी तिसरा कॉल तुटला.

तांबडा दिवा लागला. साक्षी हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं रविंद्र रानातून आले. डोक्यात उसाचं पाचट, अंगावर धूळ. काय झालं ते ऐकलं आणि त्यांनी मला चापट मारली.

“ह्ये डबडंच बाद झालंय. भोसरीच्या कंपनीत मशीन अडलं की आमी असंच हाणायचो. चालू व्हायचं.”

मी चालूच होतो! मित्रांनो, तांबडा दिवा म्हणजे मी आजारी आहे असं नव्हे. तांबडा दिवा म्हणजे मी ओरडतोय. बाहेर बघा, बाहेर बघा, असं मी केव्हापासून ओरडतोय, आणि लोक मला बंद करून पुन्हा चालू करतात.

साक्षीनं सुदर्शनला फोन लावला.

“ताई, वायर जोडायचं मशीन शिनोलीला गेलंय. उद्या येतो.”

“एकच मशीन हाय का तुझ्याकडं?”

“एकच हाय ना राव. दोन तालुके बघतो मी.”

पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडमनी साक्षीला सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर पक्की लाईन दाखव, नाहीतर सामान बांध.

“जा की मग,” रविंद्र म्हणाले. “भोसरीत वळखीनं खोली बघू. खेड्यात राहून कसली आलीय कंपनी?”

साक्षी शांतपणे म्हणाली, “पप्पा, तुमी चौदा वर्षं भोसरीला राह्यले. महिन्यातनं एकदा यायचे. मी तुमाला पावणं म्हणून वळखत व्हते. मी न्हाई जायाची.”

रविंद्र डोक्यातलं पाचट काढत बसले. मी मात्र मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती वायरीच्या मागं मागं चालत गेली. घरापासून सुदर्शनच्या पेटीपर्यंत, दीड किलोमीटर. मी फळीवरच होतो, पण संध्याकाळी तिनं वहीत टिपलेलं सगळं पप्पांना वाचून दाखवलं. वायर दोन ठिकाणी बाभळीला बांधलेली. शाळेच्या वळणावर तर इतकी खाली लोंबते की उसाची ट्रॉली अडते. म्हणून आमच्याकडे ट्रॉलीवर एक माणूस बसतो. हातात बेळकं, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली काठी. वायर आली की बेळक्यानं उचलायची, ट्रॉली जाऊ द्यायची. मंगळवारी वरच्या माणसाचं लक्ष नव्हतं आणि वायर उसात अडकून तुटली, असं शाळेतल्या पोरांनी तिला सांगितलं. माणूस कोण, ते नाही सांगितलं.

रविंद्र खोकले.

मग ती आळेफाट्याला संयमच्या दुकानात गेली. त्याचे आजोबा उत्तमचंद तिथे रेडिओ विकायचे, संयम कनेक्शन विकतो.

“तीनशे स्पीडचा प्लॅन घे साक्षी. रॉकेट पळतं.”

“पळू दे. शेवटचं बंद कवा पडलं व्हतं? आन किती तासांनी चालू झालं?”

संयम हसला. “आजपर्यंत हे कुणी विचारलं नाही. सगळे स्पीड विचारतात.” मग खुर्ची ओढून खरं बोलला. “कॅनॉलच्या बाजूनं दुसऱ्या कंपनीची लाईन आलीय. स्पीड शंभरचाच आहे. पण खांब त्यांचे स्वतःचे, उंच. जोडायची मशीनं दोन, नारायणगावातच.”

तिनं दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. कॅनॉलकडेला राहणाऱ्या बयाबाईंना जाऊन विचारलं.

“दिवाळीपास्नं येकदाच गेलं बाई,” बयाबाई म्हणाल्या. “त्येबी लाईट गेली म्हणून. माझी शिरेल येकदाबी अडकली न्हाई. सून रडती, सासू रडती, सगळं येका दमात.”

शुक्रवारी नव्या कंपनीचा माणूस आला. मला उचलून त्यानं उलटंपालटं केलं.

“डबा जुना हाय. नवीन बसवू?”

मित्रांनो, माझे दिवे विझायला आले.

“आधी ह्याला लावून बघा,” साक्षी म्हणाली. “त्याची काय चूक व्हती?”

त्यानं माझा नंबर त्यांच्याकडे नोंदवला, वायर खोचली. तिन्ही दिवे हिरवे. घ्या! कोण म्हणत होतं डबडं?

राहिली वीज. लाईट गेली की नेटही जातं, ही बयाबाईंची गोष्ट साक्षी विसरली नव्हती. तिनं फवारणीच्या पंपातली बॅटरी काढली. ती बारा व्होल्टची, मीही बारा व्होल्टचा. दोन वायरी, एक पिन, आणि मी विजेशिवाय जगायला शिकलो.

“आन मी फवारणी कशानं करू?” रविंद्र म्हणाले.

“माझं काम संपल्यावर करा.”

सोमवारी सकाळी अकरा वीसला वीज गेली. गावातले पंखे थांबले, गिरणी थांबली. मी थांबलो नाही. चार तास, एकही कॉल तुटला नाही. शेवटी मॅडमनी विचारलं, “आज पुण्यात आलीस का?”

“नाही मॅडम. पिंपळवंडीतच आहे. इथूनच करणार.”

मित्रांनो, मी म्हातारा झालोय. अंगावर धूळ आहे, एक कोपरा फुटलाय. माझी कीव करू नका. फक्त इतकं करा. तांबडा दिवा दिसला की मला मारण्याआधी चपला घाला आणि वायरीच्या मागं मागं चालत जा. नवीन कनेक्शन घेताना ते किती पळतं हे शेवटी विचारा. तुटलं तर कोण येणार आणि कधी, हे आधी विचारा. आणि जुन्याला टाकून देण्याआधी त्याला एकदा धड वायर लावून बघा.

त्या मंगळवारी ट्रॉलीत ऊस आमचाच होता, आणि वर बेळकं मांडीवर ठेवून रविंद्र मोबाईल बघत होते.